काकड्यासाठी कॉम्प्युटर

संगीतासाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी प्रोसेसरचं नाव विचारतात. मी आधी गाणाऱ्यांची यादी केली. सौंसरला बाबांचं भजनी मंडळ, पांढुर्ण्याला सासूबाईंचं महिला मंडळ. एक पेटी, एक मृदंग, खंजेरी, टाळांच्या जोड्या, एक पुढे म्हणणारा आणि बाकीचे मागे म्हणणारे. आधी ठेका, मग पेटी, मग आवाज, असं थराथरानं गाणं रचणारी ही माणसं नव्हेत. कानांना हेडफोन लावून ती गाणार नाहीत. सगळे एका सतरंजीवर बसतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत म्हणतात. मला कॉम्प्युटर हवा होता तो या बैठकीसाठी. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून झाले.

माझं माहेर सौंसर, सासर पांढुर्णा. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर-वर्ध्याकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या छिंदवाड्याच्या दक्षिण टोकाच्या या दोन तहसिली; ऑक्टोबर २०२३पासून दोन्ही मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. घरात मराठी, पण शाळा हिंदीतून, कचेरी हिंदीतून. मराठी मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून आणि अर्थ लावून म्हटली जाते ती भजनात. वारकरी संतांचे अभंग आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, असा हा सगळा ठेवा. महाराजांनी मराठीत लिहिलं तसं हिंदीतही लिहिलं, म्हणून आमच्या दुभाषी गावांना ते फार जवळचे. खंजेरी म्हटली की आमच्याकडे त्यांचंच नाव निघतं.

शब्द वहीत असतात, चाली नसतात. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालतो. त्यातल्या एका भूपाळीला बाबांच्या मंडळातले विणेकरी काका जी चाल लावत, ती त्यांच्या गुरूंकडून आलेली होती. काका गेले. वही आमच्याकडे आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, पण ती चाल बाबांना निम्मी आठवते आणि इतरांना तेवढीही नाही. मला जे करायचं होतं त्याचं कारण एवढंच.

मोबाइलवर रेकॉर्डिंगं पुष्कळ होती. प्रत्येक सप्ताहात कोणी ना कोणी हात उंच करून उभा असतोच. पण मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. टाळ वाजला की तो सगळाच आवाज दाबून टाकतो, आणि नेमकं त्याच क्षणी पुढे म्हणणाऱ्याचं अक्षर असतं. पितळेचा टाळ जवळून फार तिखट असतो. त्याच्यापुढे सत्तरीतल्या माणसाचा आवाज टिकत नाही. म्हणून प्रत्येक वाद्याला वेगळा माइक आणि प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक, म्हणजे मागाहून टाळ खाली घेता येतो आणि आवाज वर आणता येतो. त्यासाठी आठ माइक एकदम घेणारा इंटरफेस लागतो आणि त्याच्यामागे एक कॉम्प्युटर.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर पहिला प्रयत्न केला तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून बारीक ‘टिक’ असा आवाज येऊ लागला. तो का येतो हे समजून घेतलं, आणि पुढच्या खरेदीत सगळ्यात जास्त उपयोग मला त्याचाच झाला. इंटरफेस आवाजाचे नमुने घेतो, सेकंदाला ४८,००० या वेगानं, अखंड. कॉम्प्युटर मात्र ते अखंड उचलत नाही. त्याला मध्येच वाय-फायकडे पाहायचं असतं, स्क्रीन रंगवायची असते, अपडेट शोधायचं असतं. म्हणून मध्ये बफर असतो. नळाचं पाणी थांबून थांबून आलं तरी गच्चीवर टाकी असेल तर खालची धार तुटत नाही, तसं हे आहे. टाकी लहान असली आणि कॉम्प्युटर दुसरीकडे जरा जास्त वेळ रमला की धार तुटते. ती तुटल्याचा आवाज म्हणजे ती टिक. ती मागाहून पुसता येत नाही, कारण तिथला आवाज घेतलेलाच नसतो.

मग टाकी मोठी का ठेवू नये? बफर मोठा केला की आवाज उशिरा ऐकू येतो. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४चा म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि हे फक्त एका बाजूचं. हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला एवढा उशीर सहन होत नाही. म्हणून स्टुडिओवाले बफर लहान ठेवतात, लहान बफर झेपावा म्हणून महागडा प्रोसेसर घेतात, आणि सगळी चर्चा प्रोसेसरभोवती फिरत राहते. आमच्या मंडळाला हेडफोन नाहीच. त्यांचा आवाज त्यांना हवेतून ऐकू येतो. आवाजाला एक मीटर जायला तीन मिलिसेकंद लागतात, तेव्हा तीन मीटरवर बसलेल्या मृदंगवाल्याला पेटी नऊ मिलिसेकंदांनी ऐकू येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्यात ताल सांभाळला गेला आहे. मी १०२४चा बफर ठेवला तरी कोणाला काही कळणार नव्हतं. इथेच माझं निम्मं बजेट वाचलं.

डिस्कच्या वेगाचं गणितही कागदावर मांडून पाहिलं. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर एका ट्रॅकला सेकंदाला १४४ किलोबाइट लागतात. आठ ट्रॅकला सव्वा मेगाबाइटही होत नाही. तासाभराचा काकडा साधारण सव्वाचार गिगाबाइटमध्ये बसतो. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज लिहिते. थोडक्यात, मला वेगाची गरज फार नव्हती. दोन गोष्टींची होती. एक, तास-सव्वा तास एकही नमुना न गाळता चालणारं यंत्र. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे गाणंच कापून लहान करावं लागे. आमच्यापुढे आता ती अडचण नाही, तर काकडा मध्ये थांबवायचं कारण यंत्रानं देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे शांतता. ओसरी एकच. मंडळ तिथेच बसणार, मी आणि कॉम्प्युटरही तिथेच.

ही यादी घेऊन मी नागपूरला सीताबर्डीवर गेले. आमच्याकडे मोठी खरेदी म्हणजे नागपूरच. भोपाळ राजधानी असलं तरी दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि कॉम्प्युटर या तिन्ही गोष्टींना आम्ही दक्षिणेकडेच तोंड करतो.

“मुलासाठी पायजे का ताई? गेमिंगसाठी?” दुकानातल्या मुलानं विचारलं.

“नाही, माझ्यासाठी. भजनं रेकॉर्ड करायची आहेत.”

तो क्षणभर थांबला, मग त्यानं आस्थेनं कोटेशन बनवायला घेतलं. मुलगा हुशार होता आणि मन लावून सांगत होता. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिव्यांचे पंखे, मोठं ग्राफिक कार्ड, आणि त्या कार्डाला पोसायला मोठा एसएमपीएस. त्यातली प्रत्येक वस्तू कोणासाठी तरी चांगलीच होती. पण ग्राफिक कार्डाला स्वतःचे दोन-तीन पंखे असतात. त्याची उष्णता बाहेर काढायला कॅबिनेटला आणखी पंखे लागतात. एसएमपीएसवर ओझं वाढलं की त्याचाही पंखा जोरात फिरतो. आणि ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर हा प्रोसेसरला अडवून धरणाऱ्यांमधला एक जुना अपराधी आहे. एक वस्तू काढून टाकली की तिच्यामागून चार गोष्टी निघून जातात, म्हणून मी कोटेशनवर पहिली रेघ ग्राफिक कार्डावर मारली.

कार्ड नाही म्हणजे चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या आतच हवी. मुलानं इंटेल आय५-१२४००एफ लिहिला होता. त्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक नाही असा. थोडा स्वस्त मिळतो म्हणून गेमिंगवाले तो घेतात, कारण त्यांच्याकडे कार्ड असतंच. मी एफ नसलेला १२४०० मागितला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉटचा, आणि त्याच्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये असतात तसे दोन जातींचे कोअर यात नाहीत, सहाही सारखेच. कोणतं काम कोणत्या कोअरवर टाकायचं याचा घोळ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकतो, तो इथे संभवत नाही.

एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हाही माझ्या यादीत बरोबरीनं होता. सहा कोअर, ६५ वॉट, आत चांगलं ग्राफिक. पण २०२१च्या सुरुवातीला एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी मध्येच तुटण्याचा दोष निघाला होता. कंपनीनं तो मान्य केला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बायोसचं अपडेट देऊन दुरुस्तही केला. दुकानात पडून असलेल्या बोर्डावर मात्र बायोस कोणता असेल हे खोका उघडल्याशिवाय कळत नाही. इतर कोणाला यूएसबी क्षणभर तुटल्याचं कळणारही नाही. माझं सगळं यंत्र एका यूएसबी केबलवर लटकणार होतं. अपडेट करून घेण्याची ज्याची तयारी आहे त्यानं एएमडी जरूर घ्यावा, प्रोसेसर उत्तम आहे. मी इंटेल घेतला आणि त्याला बी६६० चिपसेटचा, डीडीआर४ रॅम घेणारा बोर्ड.

रॅम १६ गिगाबाइट, आठच्या दोन पट्ट्या. एकच सोळाची पट्टी घेतली तर पुढे वाढवायला सोपं, असं मुलगा म्हणाला. पण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, आणि ग्राफिक आतलंच असल्यामुळे तेही याच रॅममधून खातं. ३२ किंवा ६४ लागते ती शंभर व्हायोलिनं कॉम्प्युटरमधूनच वाजवणाऱ्यांना. तिथे एकेका वाद्याचे हजारो नमुने रॅममध्ये भरून ठेवावे लागतात. आमचा मृदंग खरा आहे. त्याला रॅम लागत नाही, कणीक लागते.

डिस्कच्या बाबतीत मी अजिबात तडजोड केली नाही, पण कारण वेग नव्हतं. फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिची घरघर आणि मध्येच होणारी खरखर माइकला ऐकू जाते. म्हणून आत दोन्ही एसएसडी: विंडोजसाठी ५०० गिगाबाइटची एनव्हीएमई, रेकॉर्डिंगसाठी एक टेराबाइटची साधी साटा. साटावाली सेकंदाला पाचशेच्या वर मेगाबाइट लिहिते आणि मला सव्वा लागतो. आठ ट्रॅकची सुमारे २४० तासांची रेकॉर्डिंगं तिच्यात मावतात. फिरत्या डिस्का मी बाहेरच्या घेतल्या, प्रती ठेवायला. त्या बैठक संपल्यावरच जोडायच्या.

एसएमपीएसवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. या कॉम्प्युटरला प्रत्यक्षात शंभर वॉटच्या आसपास वीज लागते. तरी मी ५५० वॉटचा, ८० प्लस गोल्डचा घेतला. कमी ओझ्यावर त्याचा पंखा जवळपास फिरतच नाही, हे एक. दुसरं, आमच्या विजेचा भरवसा नाही, आणि चांगल्या एसएमपीएसला व्होल्टेजचा चढउतार सोसायची ताकद असते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस मी दुकानातच ठेवून आले. प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखाही वापरला नाही. त्याऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर कूलर. पंखा मोठा असला की तेवढीच हवा तो सावकाश फिरून हलवतो, आणि आवाज पात्यांच्या वेगावर ठरतो. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे तपकिरी पंखे शांततेसाठी नावाजलेले आहेत, पण ते मला महाग पडत होते. त्या पैशांत एक माइक येत होता. मी साधा घेतला आणि बायोसमध्ये त्याचा वेग खाली आणला.

कॅबिनेट साधं, काळं, पुढे जाळी आणि जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर. हा फिल्टर आमच्याकडे चैनीची गोष्ट नाही. दिवाळीनंतर कापूस येतो, जिनिंग सुरू होतं आणि हवेत बारीक तंतू तरंगू लागतात. ते कूलरच्या पात्यांमध्ये जाऊन नमद्यासारखे बसतात. मग प्रोसेसर तापतो, पंखा वेग घेतो आणि शांततेसाठी घातलेले सगळे पैसे वाया जातात. काकड्याचा हंगाम आणि कापसाचा हंगाम जवळजवळ एकच आहे. महिन्यातून एकदा मी तो फिल्टर नळाखाली धुते.

मॉनिटर आणि कीबोर्ड घरचेच ठेवले. फक्त माऊस बिनआवाजाचा घेतला.

सुटे भाग घरी आणून बसवायला एक दुपार पुरली. खरं काम त्याच्यानंतर होतं, आणि ते कोणत्याही कोटेशनमध्ये नव्हतं. कॉम्प्युटर सुरू केला, इंटरफेस जोडला, माइक उघडला, आणि गुंऽ असा एक सलग आवाज. तो ५० हर्ट्‌झचा होता, म्हणजे विजेच्या तारांमधून आलेला. आमच्या घराला अर्थिंग नावापुरतं होतं. तीन पायांचे बोर्ड होते, पण तिसऱ्या भोकामागे तार कुठेच जात नव्हती. गावाकडच्या किती घरांत हीच स्थिती आहे! इलेक्ट्रिशियन भाऊंना बोलावून अंगणात खड्डा खणला. तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, जाड तार थेट बोर्डापर्यंत आणली. कॉम्प्युटर, मॉनिटर, इंटरफेस सगळं एकाच बोर्डावर घेतलं, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या राहत नाहीत. माइकच्या केबल तीन तारांच्या, बॅलन्स्ड घेतल्या आणि त्या विजेच्या वायरींपासून दूर ठेवल्या. आवाज गेला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं. ते काम सासूबाईंनी तुळशीला पाणी घालण्यासोबत आपल्याकडे घेतलं आहे.

वीज हा स्वतंत्र विषय आहे. रब्बीत गहू-हरभऱ्याला आणि संत्र्याच्या बगीच्यांना पाणी सुरू झालं, मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली येतं. पावसाळ्यात वीज जाते-येते. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा होता. तो चालू झाला की पंखाही कण्हतो आणि माइकमध्ये बझ येतो. म्हणून कॉम्प्युटरला आणि इंटरफेसला प्युअर साइन वेव्हचा वेगळा यूपीएस दिला. त्याच्यावर बैठक पूर्ण होईल इतका वेळ मिळत नाही, पण चाललेला अभंग पूर्ण होतो आणि फाइल जपून बंद करता येते. माझ्या मते आपल्याकडे रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरचा पहिला सुटा भाग अर्थिंग आणि दुसरा यूपीएस. प्रोसेसर त्यांच्यानंतर येतो.

इंटरफेस बेहरिंगर यूएमसी१८२०, आठ माइक प्रीॲम्पचा. आठांनाही कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट मिळतात. फोकसराइटचा १८आय२० याच कामाचा आणि नावाजलेला आहे. ज्याला परवडतो त्यानं तो घ्यावा. विंडोजवर अशा इंटरफेसला आपला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर लागतो. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७मध्ये काढलेली ही पद्धत विंडोजचा मिक्सर बाजूला ठेवून सरळ इंटरफेसशी बोलते. सॉफ्टवेअर म्हणून रीपर घेतलं. विनॲम्प ज्यानं लिहिलं त्याच जस्टिन फ्रँकलनं हे सुरू केलं. डाउनलोड इतकं लहान की आमच्या नेटवरही चटकन उतरतं, ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि घरगुती वापराचा परवाना स्वस्त आहे. नंतर लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवून कोण प्रोसेसरला अडवतंय ते पाहिलं. सगळ्यात वर वाय-फायचा ड्रायव्हर होता. आता बैठकीआधी मी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करते, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवते आणि विंडोजचं अपडेट थांबवते. जुन्या कॉम्प्युटरवर येणारी टिक इथे एकदाही आली नाही.

कार्तिक लागला. काकडा देवळातच होतो, तो तिथून हलवायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. देवळात मी हातातला छोटा रेकॉर्डर ठेवला, आणि पौर्णिमा झाल्यावर बाबांच्या मंडळाला सौंसरहून पांढुर्ण्याला बोलावलं. सकाळी सहाला बैठक, कारण नंतर हायवेवरचे ट्रक वाढतात. नागपूर-इटारसी मार्गावरच्या गाड्या दिवसभर चालूच असतात. गाडीचा आवाज आला की मी हात वर करायची आणि बाबा अभंग संपवून थांबायचे, पुढचा सुरू करायचे नाहीत. टाळकऱ्यांना मी माइकपासून सगळ्यात लांब, भिंतीशी बसवलं. मृदंगाच्या दोन्ही तोंडांना शुअर एसएम५७, आवाजाला एसएम५८, पेटीला एक, आणि सगळ्यांच्या वर कंडेन्सरची जोडी. पातळी मुद्दाम खाली ठेवली, टाळ कितीही जोरात पडला तरी उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही इतकी. २४ बिटमध्ये तेवढी जागा असते.

आणि मग मी छताचा पंखा बंद केला.

“काहून वं, पंखा काहून बंद केला?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, त्याचा आवाज येतो.”

“मंग राहू दे बंद. थंडीच हाय.” त्या सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या.

कॉम्प्युटरचा एकेक पंखा शांत करण्यात मी एवढे दिवस घालवले. छताचा पंखा त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं वाजतो. म्हणून आमची रेकॉर्डिंगं कार्तिकापासून माघापर्यंतच होतात. मेमध्ये पंखा बंद करून म्हाताऱ्या माणसांना गायला बसवणं मला कधीच मान्य होणार नाही, मग त्यासाठी वर्ष थांबावं लागलं तरी चालेल.

बाबांनी ती भूपाळी म्हटली. पहिली दोन कडवी त्यांच्याकडून आली. तिसऱ्याला ते थबकले. मागे बसलेल्या एका टाळकरी मामाजींनी, ज्यांनी आयुष्यात कधी पुढे म्हटलं नव्हतं, ती ओढ उचलली आणि पुढे नेली. त्यांच्यासमोर माइक नव्हता, पण वरच्या कंडेन्सरच्या जोडीनं ते घेतलं. मागाहून बाकीचे ट्रॅक खाली ओढल्यावर मामाजींचा आवाज वर आला, एकेक अक्षर कळण्याइतका. काकांच्या चालीचा तिसऱ्या कडव्याचा तेवढा तुकडा आज आमच्याकडे आहे. चौथ्या कडव्याचा नाही. सगळे एकत्र बसले होते आणि सगळे ट्रॅक एकाच वेळी चालू होते म्हणून तेवढं तरी मिळालं. एकेकट्याला बोलावून घेतलं असतं तर मामाजींना मी बोलावलंच नसतं.

सासूबाईंच्या मंडळाची बैठक पुढे माघात झाली. त्यात तुकडोजी महाराजांची भजनं आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्याही आल्या. ओव्या यादीत नव्हत्या. भजन संपल्यावर चहा होईपर्यंत एकीनं सहज सुरू केल्या, आणि रेकॉर्डिंग चालूच होतं. बैठक संपली तरी घर रिकामं होईपर्यंत मी ते बंद करत नाही. तासाला सव्वाचार गिगाबाइट जातात, जाऊ देत.

आता प्रत्येक बैठकीच्या तीन प्रती असतात. एक कॉम्प्युटरवर, एक पांढुर्ण्याच्या कपाटात बाहेरच्या डिस्कवर, एक सौंसरला बाबांकडे. फाइलच्या नावात तारीख, गाव, अभंगाचं पहिलं अक्षर आणि म्हणणाऱ्याचं नाव असतं. चाल कोणाकडून आली हे विचारून मी वेगळ्या वहीत लिहिते. मंडळानं परवानगी दिल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही.

खर्चाचा हिशेब केला तर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांपेक्षा माइक, केबल, इंटरफेस, यूपीएस आणि अर्थिंग यांना जास्त पैसे लागले, आणि ते तसंच असायला हवं. कोणाला हे करायचं असेल तर सगळं नवं घ्यायची गरज नाही. सहा-सात वर्षांपूर्वीचा आय५ असेल, त्यात एसएसडी बसवली, आतला पंखा बदलला, ग्राफिक कार्ड काढलं आणि बफर मोठा ठेवला, तर आठ ट्रॅक तो आरामात घेईल. आठ माइक परवडत नसतील तर चारांवर सुरू करा, चारही परवडत नसतील तर एक चांगली जोडी मंडळाच्या वर टांगा. पण अर्थिंग आधी तपासा. आणि तुमच्या गावात काकडा म्हणणारी जुनी माणसं अजून बसत असतील, तर यंत्र पूर्ण होण्याची वाट पाहू नका; येत्या कोजागरीच्या आधी त्यांना जाऊन विचारा.